‘हाण जोरात, पडला तर पडला’: ब्रेकबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस जळगाव-भुसावळकडच्या पूल (स्टिकने टेबलावरचे बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ) खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. एकाने वर लिहिलं, “भो, वाच हे. तू उगाच रॅक लावत बसतो.” रॅक म्हणजे ट्रँगलने (तिकोनी चौकटीने) एकत्र रचलेले बॉल, आणि ब्रेक म्हणजे ते फोडायचा पहिला फटका. मेसेज थोडक्यात असा: ‘पूलमध्ये ब्रेक म्हणजे ताकद आणि नशीब. हाण जोरात, पडला तर पडला. रॅक कसाही लावा, फरक पडत नाही. प्रो लोकांचा ब्रेक बसला की गेम संपला, मग १४७ चा ब्रेक मारणाराही काही करू शकत नाही. म्हणून ब्रेकच्या प्रॅक्टिसवर वेळ घालवू नका.’

आधी गंमत बघा. एकीकडे ब्रेकवर गेम संपतो म्हणायचं आणि दुसरीकडे त्याची प्रॅक्टिस करू नका म्हणायचं. ज्याच्यावर गेम संपतो तीच गोष्ट शिकायची नाही? असो. मी काही प्रो नाही. दुकान बंद केलं की रात्री दोन तास खेळतो, हरलो की टेबलचे पैसे भरतो. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, म्हणून एकेक घेतो.

पहिलं, ताकद. आमच्याकडे रावेरकडचा एक पोरगा येतो, केळीच्या गाड्या भरतो. दंड असे की स्टिक त्याच्या हातात उदबत्तीसारखी दिसते. तो ब्रेकला उभा राहिला की मागून ओरडा सुरू होतो, “जोरमा हाण भो!” तो हाणतोही. मागच्या महिन्यात त्याचा व्हाइट, म्हणजे स्टिकने मारायचा पांढरा बॉल, रॅकवरून उडाला, समोरची कुशन ओलांडली आणि बाकावरची थम्स-अपची बाटली घेऊन खाली गेला. बॉल पडले किती? एकही नाही. वर फाउल.

वेगाला महत्त्व आहेच, ते नाकारत नाही. वेग १० टक्क्यांनी वाढवला तर व्हाइटमधली ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, हा साधा हिशेब आहे. पण ती ऊर्जा रॅकमध्ये कधी जाते? व्हाइट पुढच्या बॉलवर अगदी समोरासमोर बसला तर. केसभर बाजूला लागला की बरीचशी ऊर्जा व्हाइटकडेच राहते आणि तो टेबलभर भटकतो, बऱ्याचदा थेट पॉकेटमध्ये जातो. शेन व्हॅन बोनिंग हा अमेरिकन खेळाडू ब्रेकसाठी नावाजलेला. यूएस ओपन नाइन-बॉल (नऊ बॉलांचा पूल) ५ वेळा जिंकला, २०२२ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्याचा ब्रेक मोबाइलवर हळू करून बघा. बॉल चहूकडे पांगतात आणि व्हाइट जरासा उडून टेबलाच्या मध्यावर येऊन बसतो. तिथून पुढचा बॉल दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून तो तिथे बसवलेला असतो. जोर आपल्याकडचे हमालही लावतात. व्हाइट मध्यावर बसवायला मात्र खांदा, मनगट आणि नजर एका रेषेत लागतात, आणि ते प्रॅक्टिसशिवाय येत नाही.

दुसरं, नशीब. इथे जरा थांबतो, कारण मेसेजमधला सगळ्यात मोठा घोळ इथे आहे.

नाइन-बॉलमध्ये नऊ बॉल शंकरपाळ्याच्या आकारात लावतात. १ नंबर टोकाला, ९ नंबर बरोबर मध्ये. मारताना टेबलवरच्या सगळ्यात लहान नंबरला आधी लागायचं. रॅक घट्ट असेल आणि ब्रेक नीट लागला, तर कडेचा बॉल वारंवार एकाच वाटेने मागच्या कोपऱ्याच्या पॉकेटकडे जातो. प्रो लोकांना ही वाट पाठ असते. २००१ च्या यूएस ओपनमध्ये कोरी ड्यूएल या अमेरिकन खेळाडूने याच ज्ञानावर मुद्दाम हळू ब्रेक केला. जोर कमी, पण बॉल पडतोय आणि बाकीचे हव्या त्या जागी राहतायत. फायनलमध्ये त्याने फिनलंडच्या मिका इमोनेनला ११–० हरवलं. अकरा शून्य! ताकद म्हणजेच ब्रेक म्हणणाऱ्यांनी हा स्कोअर लिहून ठेवावा.

पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. आयोजकांनी नियमच बदलायला घेतले. काही स्पर्धांत अट आली की ब्रेकवर किमान तीन बॉल पॉकेटमध्ये तरी पडले पाहिजेत किंवा ब्रेक मारणाऱ्याच्या बाजूच्या रेषेपलीकडे तरी गेले पाहिजेत, म्हणजे हळू ब्रेकचा धंदा बंद. कुठे १ नंबरऐवजी ९ नंबर स्पॉटवर (टेबलवर रॅकसाठी केलेल्या खुणेवर) ठेवायला लागले. त्यामुळे आख्खा रॅक थोडा पुढे सरकतो आणि कडेच्या बॉलची कोपऱ्याकडची सरळ वाट मोडते. कुठे व्हाइट ठेवायला ठराविक चौकट आखून दिली, म्हणजे पार कडेला जाऊन मारता येऊ नये. त्यावरही खेळाडूंनी तोड काढली: आता १ नंबरला जरा कडेला मारून मधल्या पॉकेटमध्ये घालायचा. नशिबाला आवर घालायला कोणी नियम बदलत नाही. लुडोचा फासा जड करा असा ठराव अजून कुठे झाला नाही.

तिसरं, रॅक कसाही लावा. हे वाचून मला खरंच राग आला, कारण ज्यांनी मेसेज पाठवला ते रोज त्याच टेबलवर हरतात. आमच्या पार्लरच्या टेबलवर स्पॉटच्या जागी नखाने चाचपून बघा. कापडाला बारीक खड्डे लागतील. हजारो ब्रेकमध्ये बॉल तिथे दाबले गेले, त्याचे ते. बॉल खड्ड्यात बसतो, शेजारचा जरा बाजूला, आणि मध्ये फट राहते. फट राहिली की धक्का पुढे नीट पोचत नाही, तिथेच अडतो. मग पोरं म्हणतात, आज ब्रेक लागत नाही, ग्रह खराब. ट्रँगलचं एक टोक तुटलेलं, ते सेलोटेपने चिकटवलेलं, आणि दोष ग्रहांना. मोठ्या स्पर्धांत बॉलखाली पातळ प्लास्टिकचा साचा ठेवतात, प्रत्येक बॉल आपल्या भोकात बसतो आणि शेजाऱ्याला चिकटतो. तो साचा आला तेव्हा ब्रेक फारच नेमके व्हायला लागले, आणि वरचे काही नियम त्यामुळेही आले. व्हाइट ठेवायच्या जागीही कापडावर पांढरे ठिपके दिसतात. ते जळल्याच्या खुणा आहेत, खडूच्या नाहीत. कोण रोज कुठून ब्रेक मारतो हे त्यावरून कळतं. आमच्या टेबलवर ते अर्ध्या हातभर पसरलेत, म्हणजे कोणाचीच जागा ठरलेली नाही.

चौथं, ब्रेक बसला की गेम संपला. अर्धं खरं. जिंकणाऱ्याचाच पुढचा ब्रेक असेल तर समोरचा खुर्चीवरच बसून राहू शकतो. १९९६ मध्ये डॅलसला अर्ल स्ट्रिकलंड या अमेरिकन खेळाडूने सलग ११ रॅक, म्हणजे समोरच्याला पाळी न देता ११ गेम, काढले आणि सलग १० रॅकसाठी ठेवलेल्या दहा लाख डॉलरच्या बक्षिसावर हक्क सांगितला. पण त्याच वर्षी हाँगकाँगला फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने त्याच स्ट्रिकलंडला आधी १२० गेम जिंकायच्या लढतीत १२०–११७ असं हरवलं. रेयेसचं नाव ब्रेकसाठी कधीच नव्हतं, ते होतं अडकलेल्या जागेतून बाहेर पडण्यासाठी. ब्रेकवर बॉल पडला तरी १ नंबर दुसऱ्या बॉलमागे लपलेला असू शकतो. नाइन-बॉलमध्ये अशा वेळी ‘पुश आउट’ घेता येतो: व्हाइट हवा तिथे ढकलायचा आणि खेळायचं की नाही ते समोरच्याने ठरवायचं. ब्रेकनेच गेम संपत असता तर हा नियम कशाला ठेवला असता?

जाता जाता एक. आपल्याकडे एट-बॉलमध्ये (पंधरा बॉलांच्या पूलमध्ये) ब्रेकवर ब्लॅक, म्हणजे ८ नंबर, पडला की गेम जिंकला म्हणून पैसे मागतात. आंतरराष्ट्रीय नियमात तसं नाही. ब्लॅक परत स्पॉटवर ठेवून पुढे खेळायचं किंवा नवीन ब्रेक घ्यायचा, एवढाच पर्याय मिळतो.

आणि १४७? तो स्नूकरचा आहे. तिथे ब्रेक म्हणजे एका पाळीत केलेले गुण, रॅक फोडणं नव्हे. उलट स्नूकरमध्ये पहिला फटका रॅक न फोडता हळूच चाटून व्हाइट परत वर आणायचा असतो. हा घोळ करणारा माणूस पूलच्या टेबलजवळ किती गेला असेल कोण जाणे.

ज्याने मला ‘रॅक लावत बसतो’ म्हणून टोमणा मारला, त्याच्यासाठी: उद्या ट्रँगल उचललास की पुढचा बॉल आणि त्यामागचे दोन यांच्यात बसचं तिकीट सरकतं का बघ. सरकलं तर परत लाव. टेबलचे पैसे तूच भरणार आहेस.