मत कोणाला दिलं हे पाळकसाहेबांना सांगायचं? मावशी, अजिबात नाही

काल रात्री नगरहून मावशीचा फोन. आवाज एकदम बारीक. "बाळा, मी मत कोणाला दिलं ते पाळकसाहेबांना सांगावं लागेल का रे? नाहीतर प्रभुभोजन मिळणार नाही म्हणतात." पाळकसाहेब म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि प्रभुभोजन म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा पवित्र विधी. 72 वर्षांची बाई, दर रविवारी उपासनेला पहिली हजर, आणि तिला ही भीती कोणी घातली तर महिला मंडळाच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजने. मेसेजचं म्हणणं एवढंच की खरा विश्वासी मत लपवत नाही, कारण शास्त्रात लिहिलंय "झाकलेलं काही राहणार नाही". मतदानाच्या मशिनमुळे तसंही सगळं कळतं म्हणे. जो मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, विरोधात मत देईल त्याला प्रभुभोजन देऊ नये, त्याच्या घरी प्रार्थनेला जाऊ नये. आणि सगळ्या ख्रिस्ती लोकांचं मत एकच असायला हवं.

आधी वचन. मत्तय 10:26 उघडून पूर्ण वाचा ना. त्याची सुरुवातच "त्यांना भिऊ नका" अशी आहे. सुवार्ता सांगायला भिऊ नका म्हणून प्रभू शिष्यांना धीर देतोय, आणि या माणसाने नेमकी तीच ओळ कापून उरलेल्या अर्ध्या वचनाने म्हाताऱ्या बायकांना घाबरवलं.

मशिनचं म्हणाल तर बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या (मतदान यंत्राला जोडलेल्या, चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) काचेमागे चिठ्ठी 7 सेकंद दिसते आणि डब्यात पडते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव, चिन्ह. मतदाराचं नाव कुठेच नाही. आपण सही करतो त्या रजिस्टरमध्ये आपण येऊन गेलो एवढीच नोंद, मत कोणाला गेलं ते नाही. आता एक गोष्ट मान्य करावी लागते, बूथनुसार आकडे जाहीर होतात, त्यामुळे आपल्या वस्तीतून कोणाला किती मतं पडली हे कार्यकर्त्यांना कळतं आणि त्यावरून लोक दबाव टाकतात हेही खरंय. बऱ्याच बूथची मतं एकत्र करून मोजा अशी शिफारस विधी आयोगाने 2015 मध्ये केली होती ती यासाठीच. पण वस्तीचा आकडा कळणं वेगळं आणि मावशीचं बटण कळणं वेगळं. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 94 बघा, आपल्यासारख्या मतदाराला कोर्टात साक्षीला उभं केलं तरी कोणाला मत दिलं हे सांगायची सक्ती करता येत नाही. कोर्टाला जे विचारता येत नाही ते चर्चची पंच कमिटी विचारणार?

आणि ते प्रभुभोजनाचं. मला खरा राग त्याचा आलाय. भारतीय न्याय संहितेचं कलम 171 काढून वाचा. मतदाराच्या मनात देवाचा कोप होईल किंवा धार्मिक निषेध वाट्याला येईल अशी भीती घालणं हा निवडणुकीतला गैरवाजवी दबाव, म्हणजे गुन्हा आहे. शिक्षा 1 वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे नवीन नाही, जुन्या दंड संहितेत 1920 पासून हेच होतं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की देवाचं नाव घेऊन माणसाला किती सहज वाकवता येतं. आणि शास्त्र काय म्हणतं? पहिले करिंथ 11:28, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. स्वतःची. बाकावर शेजारी बसलेल्याची नाही.

हे फक्त मोबाइलपुरतं राहत नाही म्हणून एवढं लिहितोय. मावशी आणि शेजारच्या काकू तीस वर्षं एका बाकावर बसतात. काकूंना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, म्हणून उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक मावशी धरते आणि गाताना ओळीवर बोट फिरवते. या रविवारी मावशी मागे जाऊन बसली, कारण काकूंचा मुलगा दुसऱ्या पक्षाचं काम करतो आणि मेसेजमध्ये लिहिलं होतं की अशांपासून लांब राहा. काकू पुस्तक मांडीवर तसंच मिटून ठेवून बसल्या होत्या म्हणे. हे सांगताना मावशी रडली.

राहिलं सगळ्यांचं एकच मत. प्रभूने निवडलेल्या बारा शिष्यांमध्ये रोमी सत्तेखाली जकात गोळा करणारा मत्तय होता आणि जिलोत, म्हणजे रोमी सत्तेचा कट्टर विरोधक, म्हणवला जाणारा शिमोनही होता. दोघं एकाच पंगतीला जेवले. कोणाला मत दिलं हे आपणहून सांगावंसं वाटलं तर खुशाल सांगा, घरात वाद घाला, चहा पिता पिता भांडा, पण न सांगणाऱ्याचा विश्वास मोजू नका.

ज्यांनी हा मेसेज टाकला त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तो नुसता डिलीट करू नका. त्याच ग्रुपवर, तुमच्या नावाने लिहा की हे चुकीचं होतं, प्रभुभोजन कोणाचंही बंद होणार नाही. आणि रविवारच्या आत लिहा, कारण मावशी विचारतेय की ती परत पुढच्या बाकावर बसली तर चालेल का.