दारू मेली म्हणे! आधी तो ग्राइंडर बंद करा

परवा ऐरोलीला ताईकडे गेलो, तर भाचा बाल्कनीत नारळाएवढा लोखंडी गोळा पायांत धरून ग्राइंडरने गंज उडवत बसलेला. ठिणग्या थेट वाळत घातलेल्या टॉवेलवर. वसईच्या खाडीकाठी चिखलात सापडला म्हणे. आणि आधार काय, तर व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: ‘जुन्या रणांगणावरचे तोफगोळे, गोळ्या, बंदुकीच्या नळ्या सापडतील त्याच्या. शंभर वर्षांत दारू मरते. लिंबाने घासा, चकाचक. शस्त्र कायदा लागत नाही.’

दारू मरते हे कुणी ठरवलं? बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक, कोळसा. यात वयाने नासण्यासारखं आहे काय? ओल लागली तर सोरा विरघळतो, कबूल. पण बत्तीचं भोक गंजाने घट्ट बुजलं तर आतली दारू कोरडी राहू शकते. २००८ मध्ये अमेरिकेत, व्हर्जिनियात, यादवी युद्धातला गोळा साफ करताना स्फोट होऊन एक संग्राहक स्वतःच्या घरच्या आवारात मेला. नवशिका नव्हता, कित्येक वर्षं हेच करत होता. गोळा सुमारे १४० वर्षांचा. त्याचा एक तुकडा पाव मैलावरच्या घराच्या ओसरीत घुसला. ऐरोलीत पाव मैलात किती बिल्डिंगी येतात ते मोजा.

आपल्याकडे सापडणारे बरेचसे गोळे भरीव, त्यांत दारू नसतेच. तेवढ्यापुरता मेसेज चुकून बरोबर. पण गरनाळीतून, म्हणजे आखूड तोफेतून, डागायचे कुलपी गोळे पोकळ, आत दारू भरलेले असत, आणि गंजाचा थर चढला की वरून फरक कळत नाही. भाच्याला विचारलं, हा भरीव की पोकळ? तर म्हणे, “मामा, जड आहे की!”

शस्त्र कायद्याचं अर्धं खरं आहे. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला १९५९ च्या कायद्यात कलम ४५ खाली सूट आहे. पण तेवढ्याने मालकी मिळत नाही. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू कलेक्टरला लेखी कळवायची, हा कायदा १८७८ पासून आहे. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. (वसईचं असेल तर कळवायचं पालघरच्या कलेक्टरला, ठाण्याच्या नव्हे.)

लिंबाचं काय बोलायचं! लोखंडात खाडीचे क्षार मुरलेले असतात, वरून कितीही चकाकवा, पावसाळ्यात पापुद्रे सुटतातच. आणि शिशाच्या गोळ्यांवरची पांढरी भुकटी विषारी असते.

ग्राइंडरची पिन मीच काढली, सगळ्यांना घराबाहेर काढलं आणि ११२ ला फोन लावला. सोसायटीत तमाशा झाला म्हणून ताई अजून बोलत नाहीये.