‘एका कमांडचे काम’ म्हणणाऱ्यांनी एकदा समोर यावे

वेबसाइटला सुरक्षा प्रमाणपत्र बसवणे हे आता ‘एका कमांडचे काम’ झाले आहे, असे यापुढे जो कोणी माझ्यासमोर म्हणेल, त्याला मी अक्षय्य तृतीयेच्या तीन दिवस आधी देवगडच्या एका हापूस बागायतदाराचा फोन घ्यायला बसवणार आहे. कमांड एकच असते, हे मान्य. तसे पाहिले तर लग्नही एका अंतरपाटाचेच काम असते.

फोन सकाळी नऊ वाजता आला. “अहो, साइट उघडली की लाल पाटी येते. मुंबईचं गिऱ्हाईक विचारतंय, तुमचं दुकान चोरांनी फोडलं की काय?” मी हातातल्या मोबाईलवर साइट उघडून पाहिली, ती बिनतक्रार उघडली. तुमच्या ग्राहकाच्या कॉम्प्युटरचे घड्याळ चुकले असेल, असे मी त्यांना सांगून टाकले. (घड्याळ चुकले की चांगले प्रमाणपत्रही मुदतबाह्य दिसते, हे खरेच असल्यामुळे ही थाप मारताना जीभ अडखळत नाही.) मग ऑफिसच्या ब्रॉडबँडवर लॅपटॉपमध्ये तीच साइट उघडली आणि मलाही लाल पाटी दिसली. एकच पत्ता, एकाच टेबलावरची दोन यंत्रे, आणि एकावर सगळे आलबेल असताना दुसऱ्यावर प्रमाणपत्राची मुदत त्याच पहाटे संपलेली होती.

सर्व्हरवर जाऊन ती सुप्रसिद्ध एक कमांड चालवली. उत्तर आले: ४०४, फाइल सापडली नाही. ही पडताळणी कशी चालते ते थोडक्यात सांगतो, कारण माझ्या संतापाचे मूळ तिथेच आहे. प्रमाणपत्र देणारी यंत्रणा (माझ्या बाबतीत ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही फुकट सेवा) आपल्याला एक चिठ्ठी देते, आपल्या सर्व्हरवरचे साधन ती ठरलेल्या जागी ठेवते, मग यंत्रणा पोर्ट ८० वरून, म्हणजे साध्या वेब पानांच्या दाराने, बाहेरून येते आणि चिठ्ठी आहे की नाही ते पाहते. चिठ्ठी दिसली तर डोमेन (म्हणजे साइटचे नाव) तुमचे, नाही तर नाही. मी त्या जागी हाताने एक फाइल ठेवली आणि लॅपटॉपवरून उघडून पाहिली, ती व्यवस्थित दिसली. कमांड पुन्हा चालवली, पुन्हा ४०४. एनजिनएक्सची (सर्व्हरवरून पाने पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची) सगळी मांडणी वरपासून खालपर्यंत वाचली, फोल्डरच्या परवानग्या पाहिल्या, फायरवॉल पाहिली, दोन ओळी बदलल्या, मग त्या बदलांचीच भीती वाटून त्या पूर्ववत केल्या, आणि दर वेळी कमांड चालवली की तेच ४०४ येत राहिले. पाचव्या अपयशानंतर मात्र उत्तर बदलले. एका नावासाठी तासाला पाचच अयशस्वी प्रयत्न चालतात, तुमचा कोटा संपला, आता ०४:१२ नंतर या, असे ते उत्तर होते. भिंतीवरच्या घड्याळात ९:३५ झाले होते, म्हणजे पहाटेचे चार तर कधीच उलटून गेले होते, म्हणून मी पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा नकार घेतला. ती वेळ यूटीसीमधली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, होती. त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात, हे गेली बारा वर्षे सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या मला त्या क्षणी आठवले नाही, आणि ज्याच्या फोनवर बागायतदाराचे तीन मिस्ड कॉल पडले आहेत अशा माणसाला ते आठवावे, ही अपेक्षा मला आजही अन्यायाची वाटते. अशा वेळी आधी चाचणीच्या सर्व्हरवर करून पाहायचे असते, हे मला माहीत आहे. कृपया कोणी सांगू नये.

दोष कुठे होता तो आता ऐका. जानेवारीत मी ही साइट जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवली होती. प्रमाणपत्राचे अख्खे फोल्डरही तसेच उचलून आणले, कारण ते नुकतेच रिन्यू झालेले होते. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत, नवा आयपी पत्ता घातला. पण डोमेनला पत्त्याच्या दोन नोंदी असू शकतात: एक जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ पत्त्याची ‘ए’ नोंद, आणि दुसरी नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ची, जिला चार ‘ए’ एकापुढे एक लिहून ओळखतात. मी पहिली बदलली आणि दुसरी विसरलो. जुन्या सर्व्हरचे पैसे मेपर्यंत भरलेले होते, त्यामुळे तोही चालूच होता. प्रमाणपत्र देणारी यंत्रणा दोन्ही पत्ते दिसले की आयपीव्ही६ला पहिला मान देते. ती जुन्या सर्व्हरवर जाऊन चिठ्ठी शोधत होती, तिथे चिठ्ठी नव्हती, आणि समोरून ‘४०४’ असे नीट उत्तर मिळत असल्यामुळे दुसरा पत्ता वापरून पाहण्याचे तिला काही कारणच नव्हते. यातली खरी कुचेष्टा पुढेच आहे. आपल्याकडच्या मोबाईल डेटावर आयपीव्ही६ सर्रास चालते, आमच्या ब्रॉडबँडवर ते नाही, म्हणून माझा मोबाईल जुन्या सर्व्हरवर जात होता आणि लॅपटॉप नव्या. जुना सर्व्हर मात्र त्याच आयपीव्ही६च्या वाटेने आपले प्रमाणपत्र इमानदारीने स्वतःच रिन्यू करून घेत बसला होता.

माझी चूक मी नाकारत नाही. एवढेच काय, चुकीच्या संदेशात तो आयपीव्ही६ पत्ता अगदी पहिल्याच ओळीत छापलेला होता, आणि ती विसर्गांची लांबलचक माळ म्हणजे चिठ्ठीचाच कसला तरी क्रमांक असावा, असे समजून मी पाचही वेळा तिच्यावरून नजर पुढे नेली. पण ज्या साधनाने मला ‘हे डोमेन याच सर्व्हरकडे वळवलेले असल्याची खात्री करा’ असा शहाणपणाचा सल्ला दिला, ते साधन त्याच सर्व्हरवर बसलेले होते. या सर्व्हरचे पत्ते कोणते, हे त्याला एका क्षणात कळू शकत होते. डोमेनच्या नोंदी काय सांगतात, हे विचारायला दुसरा क्षण पुरला असता. ‘तुमच्या डोमेनला एक आयपीव्ही६ पत्ता आहे आणि तो या यंत्राचा नाही’ हे एक वाक्य लिहिण्याऐवजी त्याने खात्री करण्याचे काम माझ्यावर सोपवले. सरकारी कचेरीतल्या खिडकीवर ‘आवश्यक ती कागदपत्रे जोडावीत’ एवढेच म्हणून पडदा ओढून घेणाऱ्या कारकुनाला आपण शिव्या घालतो. इथे तोच कारकून आपण स्वतः, आपल्या हाताने, आपल्या सर्व्हरवर नेमून ठेवला आहे.

आणि हा कारकून गप्पही किती असावा! हे फुकटचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे होते. त्यातले ३० दिवस उरले की स्वयंचलित रिन्यूअलचे प्रयत्न सुरू होतात, दिवसातून दोनदा. म्हणजे माझ्या सर्व्हरवर ही कमांड साधारण साठ वेळा आपोआप चालली, साठ वेळा तोंडावर आपटली, आणि साठही वेळा ती गोष्ट एका लॉग फाइलमध्ये टिपून ठेवण्यात आली, जी फाइल कोणीही सहज म्हणून उघडत नाही. पूर्वी निदान मुदत संपत आल्याचा ई-मेल यायचा. लेट्स एन्क्रिप्टने ते ई-मेल ४ जून २०२५ पासून बंद केले. डिसेंबर २०१५ मध्ये ही सेवा सगळ्यांना खुली होण्याआधी छोट्या दुकानदारालाही प्रमाणपत्रासाठी बहुधा पैसे मोजावे लागत, तेव्हा धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, एवढे मला कळते. लाखो लोकांचे ई-मेल पत्ते जपून ठेवण्यात खर्च आहे आणि खासगीपणाचा धोकाही आहे, हे त्यांचे कारणही पटते. पण ‘सगळे आता स्वयंचलित आहे’ या भरवशावर पहारेकऱ्याला घरी पाठवायचे, आणि स्वयंचलित यंत्राला मात्र बोंब मारायला शिकवायचेच नाही, हा कुठला न्याय?

पैसे देऊन घेतलेल्या प्रमाणपत्रांचे कौतुक तर मला सांगूच नका. एका पतसंस्थेच्या संचालकांना त्यांच्या होस्टिंगवाल्याने, फुकटचे प्रमाणपत्र कच्चे असते, असे पटवून दिले होते. माहितीचे एन्क्रिप्शन दोन्हींत सारखेच होते, हे मी तीन बैठकांत सांगितले, पण पावती मिळणाऱ्या गोष्टीवर आपल्या लोकांचा विश्वास अधिक. मग मान्यतेचा ई-मेल डोमेनच्या ‘अ‍ॅडमिन’ नावाच्या पत्त्यावर गेला, जो पत्ता कधी अस्तित्वातच नव्हता. तो तयार केल्यावर एक झिप फाइल आली. तिच्यात तीन फाइली, नावे अगम्य, आणि कोणती कुठे ठेवायची याबद्दल अक्षर नाही. मी मुख्य प्रमाणपत्र बसवले, डेस्कटॉपवर साइट झकास उघडली, संचालकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. संध्याकाळपासून अँड्रॉइड फोनवाल्या खातेदारांच्या तक्रारी सुरू झाल्या. आपले प्रमाणपत्र आणि ब्राउझर ओळखतो ती मूळ संस्था यांना जोडणाऱ्या मधल्या दुव्याचे प्रमाणपत्र जोडायचे राहिले होते. डेस्कटॉपचा ब्राउझर असा राहिलेला दुवा बहुधा स्वतःच कुठून तरी मिळवून वेळ निभावून नेतो, अँड्रॉइडवर बऱ्याच ठिकाणी तसे लाड होत नाहीत. म्हणजे ज्या यंत्रावर आपण तपासतो त्यावर चूक झाकली जाते, आणि ज्यावर गिऱ्हाईक असते त्यावर ती उघडी पडते.

स्वतःच्या लॅपटॉपवर काम करताना तरी सुख असावे, तर तेही नाही. कॅमेरा वापरायचा किंवा ठिकाण विचारायचे, तर ब्राउझरला एचटीटीपीएस, म्हणजे प्रमाणपत्र असलेली सुरक्षित जोडणी, हवे. ‘लोकलहोस्ट’ला, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्याच पत्त्याला, त्यातून सूट आहे, पण तेच पान शेजारच्या मोबाईलवर वायफायने उघडले की सूट संपली. मग आपणच आपले प्रमाणपत्र तयार करायचे, ते लॅपटॉपच्या साठ्यात घालायचे, फायरफॉक्सचा साठा निराळा म्हणून तिकडची सोय निराळी पाहायची. आयफोनवर ते प्रोफाइल म्हणून बसवायचे आणि नंतर सेटिंगच्या तळघरात जाऊन ‘यावर खरोखर विश्वास ठेव’ असे वेगळे बटण दाबायचे. हे करून दमलेला माणूस शेवटी काय करतो, ते मी सांगतो. तो तपासणीच बंद करणारी एक ओळ कुठून तरी उचलतो. अशा ओळी किती चिवट असतात पाहा. ऑक्टोबर २०२१ मध्ये नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाची) १७वी आवृत्ती ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या संचाच्या नव्या आवृत्तीसह आली आणि वेबपॅक ४ या साइटच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनावर चालणारे कितीतरी प्रकल्प एका रात्रीत बंद पडले, कारण वेबपॅक फाइलींचा ठसा काढायला एमडी४ नावाची जुनी पद्धत वापरत होते आणि नव्या ओपनएसएसएलने ती मोडीत काढली होती. त्यावर जो उपाय जगभर चिकटवला गेला तो ‘जुनीच पद्धत पुन्हा चालू करा’ हा होता, आणि ती ओळ मला आजही लोकांच्या प्रकल्पांत सापडते. नोडमधली प्रमाणपत्राची तपासणी बंद करणारी ओळही अशीच सापडते, आणि ती चाचणीपुरती घातलेली असून चालू साइटवर राहून गेलेली असते. कुलूप इतके किचकट करायचे की लोकांनी दारच काढून ठेवावे, याला सुरक्षितता म्हणायचे असेल तर म्हणा.

एचटीटीपीएस नको, असे मी म्हणत नाही. साध्या एचटीटीपी पानांत मधल्यामध्ये जाहिराती घुसवण्याचे उद्योग आपल्या देशात झालेले आहेत, आणि जुलै २०१८ मध्ये क्रोमने अशा पानांवर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारायला सुरुवात केली तेव्हा मी ग्राहकांना त्याचे समर्थनच ऐकवले होते. पण पुढचे वेळापत्रक वाचून घाम फुटतो. सप्टेंबर २०२० पासून नव्या प्रमाणपत्राला कमाल ३९८ दिवसांचे आयुष्य होते. प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्या आणि ब्राउझरवाले यांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवले की ही मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस असेल. चोरीला गेलेले प्रमाणपत्र रद्द करण्याची पद्धत धड चालत नाही, म्हणून आयुष्यच छोटे करायचे, हा त्यामागचा हिशोब मला समजतो. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी माणसे बसलेली असतात. देवगडच्या बागायतदारासाठी मी एकटा बसलेला असतो, आणि माझ्याकडे असे तेवीस ग्राहक आहेत.

शेवटी चार ‘ए’ची ती नोंद काढून टाकली, दहा मिनिटे थांबलो, तीच एक कमांड चालवली आणि तिने कसलीही कुरबुर न करता नवे प्रमाणपत्र आणून बसवले. मोबाईलवरच्या ग्राहकांकडे जुना पत्ता आणखी एक दिवस राहणार होता, कारण त्या नोंदीची साठवणीची मुदत मीच कधी काळी ८६,४०० सेकंद ठेवली होती. म्हणून जुना सर्व्हर आता बंदच करून टाकावा, असे ठरवून त्यात शिरलो. मार्चमध्ये बागायतदार मला म्हणाले होते की मोबाईलवर मागच्या वर्षीचाच भाव दिसतो. मी त्यांना ब्राउझरची कॅश, म्हणजे त्याने साठवून ठेवलेली जुनी पाने, पुसायला सांगितले होते. त्यांनी ती घरच्या वायफायवर बसून पुसली, भाव नवा दिसला, आणि आम्ही दोघेही खूश झालो होतो. यंदा मागणी जरा थंड आहे, असेही ते एकदा बोलून गेले होते, आणि मी पावसाला दोष दिला होता.

नवी साइट त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर कळवते. जुनी साइट ई-मेल पाठवत असे, आणि ती मेलपेटी आम्ही जानेवारीतच बंद केली होती. जुन्या सर्व्हरच्या यादीत ४१ ऑर्डरी न वाचता पडलेल्या होत्या. सगळ्यात वरची दादरची होती, सहा डझन, अक्षय्य तृतीयेच्या आधी पोहोचायला हव्यात, आणि खाली शेऱ्यात लिहिले होते, ‘दोनदा फॉर्म भरला आहे, कृपया फोन करावा.’