आठ पंचे चाळीस, पण दिवसा

नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज देणारा स्विच, म्हणजे पीओई स्विच, कसा निवडावा या माझ्या लेखात आठ कॅमेऱ्यांना 120 वॅटचा घ्या असं लिहिलं होतं. त्यावर निपाणीच्या एका वाचकांची टोपणनावानं प्रतिक्रिया आली आहे. ती अशी: "कॅमेरा 5 वॅटचा. आठ पंचे चाळीस. 65 वॅटचा स्विच ढीग पुरतो. 120 वॅटचा घ्या म्हणणारा एक तर दुकानदाराचा माणूस, नाही तर त्याला वॅट कळत नाहीत. पोर्टचे 15.4 वॅट कॅमेऱ्याला मिळतात हेही चूक." पुढे स्वस्तातली सीसीए वायर, वायर 250 मीटरपर्यंत नेऊ देणारा एक्स्टेंड मोड आणि दोन कॅमेऱ्यांना इंजेक्टर (वायरीत वीज सोडणारा सुटा डबा) का नको, असे तीन मुद्दे आहेत.

15.4 वॅटची चूक मान्य. 802.3एएफ, म्हणजे साध्या पीओईच्या मानकाचा पोर्ट 15.4 वॅट सोडतो, पण कॅमेऱ्याच्या टोकाला हिशेबात 12.95 धरायचे. मधले 2.45 वॅट वायर खाते. लेखात दुरुस्ती केली आहे. हे एका ओळीत, नावानिशी सांगितलं असतंत तर आभारही मानले असते.

'दुकानदाराचा माणूस' मात्र गिळणार नाही. लेखात एकाही कंपनीचं नाव नाही, एकाही दुकानाचा पत्ता नाही. बेळगावच्या खडे बाजारापासून तुमच्या निपाणीच्या तंबाखू वखारींपर्यंत पंधरा वर्षं वायर ओढतोय. वॅट कळत नसते तर लोकांनी दुसऱ्यांदा बोलावलं नसतं. टोपणनावाआडून असलं लिहायला काय लागतं ओ?

आता तुमचं चाळीस. डेटाशीटवरचे 5 वॅट दिवसाचे असतात, आयआर, म्हणजे अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे, बंद असतानाचे. त्याच डेटाशीटवर खाली बारीक अक्षरात 'मॅक्स' लिहिलेलं असतं. 4 मेगापिक्सेलच्या बुलेटला (नळीसारख्या लांबट कॅमेऱ्याला) ते 9 ते 10 वॅटपर्यंतही निघतं. साडेनऊ धरा: आठांचे 76. वायरीतली गळती वेगळी.

उलट 65 हा आकडाही नीट वाचा. पुष्कळ स्वस्त स्विचवर तो अख्ख्या ॲडॅप्टरचा असतो: 48 व्होल्ट गुणिले 1.35 अँपिअर. स्विच स्वतः त्यातले चार-पाच वॅट खातो. पोर्टांना उरले साठ.

मग होतं काय? दिवसभर आठही कॅमेरे झकास. बसवणारा पैसे घेऊन जातो. सात वाजता अंधार पडतो, एकेक कॅमेरा नाइट मोडला जातो. खाली उभं राहिलात तर आतला फिल्टर सरकल्याचा 'टक्' ऐकू येतो आणि लेन्सभोवती मंद लाल ठिपके पेटतात. पाच-सहा कॅमेरे पेटले की स्विचचं वॅटचं बजेट संपतं. स्विच सगळ्यात कमी प्राधान्याचा पोर्ट तोडतो, बहुतेक वेळा आठवा. भार कमी झाला म्हणून थोड्या वेळानं तोच पोर्ट पुन्हा चालू करतो. कॅमेरा बूट होतो, चित्र देतो, टक्, आयआर पेटतो, पुन्हा मेला. रात्रभर हाच खेळ. सकाळी मालक म्हणतो, आठ नंबरचा कॅमेरा खराब आहे. कॅमेरा बदलला जातो आणि नवाही तसंच करतो, कारण दोष त्याच्यात नव्हताच. आठव्याची वायर तिसऱ्या पोर्टला लावून बघा की; आजार पोर्टाबरोबर राहतो.

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा स्विच असेल तर वेगळी गंमत. काही स्विच खरा वापर न बघता क्लासप्रमाणे, म्हणजे कॅमेऱ्यानं कळवलेल्या वीजगटाप्रमाणे, वॅट राखून ठेवतात. कॅमेऱ्यानं स्वतःला क्लास 0 किंवा 3 सांगितलं की 15.4 बाजूला. 65 भागिले 15.4, म्हणजे चार. पाचवा भर दुपारीही चालू होत नाही आणि सेटिंग न बघता लोक वायरीच्या टोकाचा आरजे45 कनेक्टर पुन्हा पुन्हा क्रिंप करत बसतात.

म्हणून माझा हिशेब असा: मॅक्स वॅट गुणिले कॅमेरे, वर पंचवीस टक्के. 76 चे 95 होतात. पुढचं सहज मिळणारं माप 96 किंवा 120 वॅटचं. 96 घेतलात तरी माझी हरकत नाही, पण उद्या त्यात एक पीटीझेड (फिरणारा, झूम होणारा कॅमेरा) लागणार असेल तर 120, आणि त्या पोर्टला 802.3एटी, म्हणजे जास्त वॅटचं पीओई, हवंच.

बाकीचं थोडक्यात. सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. रोध दीडपटीच्या पुढे आणि कनेक्टरच्या पात्याखाली तार हळूहळू दबून सैल होते. ब्लेडनं खरवडा, पांढरी दिसली की परत करा. तुमची 'पाच वर्षं चालली' असेल, अभिनंदन. एक्स्टेंड मोडमध्ये वेग 10 एमबीपीएसवर येतो. एका कॅमेऱ्याला पुरेल, पण 250 मीटरवर व्होल्टेज किती उरतं ते मल्टिमीटरनं बघून मग बोला. शिवाय एका इमारतीतून दुसरीत जाताना वळिवाच्या विजांचं काय, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. तिथं फायबर टाकायची. इंजेक्टरवर वाद घालण्यासारखं काही नाही. दोनच कॅमेरे असतील तर लावा.

आता एक करा. तुमच्या आठही कॅमेऱ्यांना सेटिंगमधून नाइट मोड सक्तीनं लावा आणि स्विच बंद करून पुन्हा चालू करा. दहा मिनिटं थांबा. मग स्विचवरच्या पीओईच्या दिव्यांचा आणि ॲडॅप्टरच्या लेबलचा फोटो इथंच टाका.