केसपेपरवरचा लाल स्टिकर

एचआयव्हीबद्दल 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' असं हल्ली सगळेच म्हणतात. खरंय. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना, रक्त पॉझिटिव्ह निघालं एवढ्याच कारणाने, म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. तेही कायद्यावर बोट ठेवून! आज असं कुणी करणार नाही. पण भीती गेलेली नाही. ती ऑपरेशनच्या यादीत जाऊन बसलीय.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की केसपेपरवर लाल स्टिकर, यादीत शेवटचा नंबर आणि वर 'स्पेशल किट'चे पैसे. का, तर म्हणे "नंतर ओटी (ऑपरेशन थिएटर) नीट धुवावी लागते." म्हणजे एरवी कशी धुता?

गुंडाळलेली हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली ३० मिनिटं. सांडलेल्या रक्तावर १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण), रोज ताजं केलेलं. कालच्या उघड्या बादलीतल्या द्रावणात दम उरत नाही. हे प्रत्येक पेशंटनंतर करायचं असतं. पॉझिटिव्हसाठी वेगळी कृती नाही.

शिवाय रोज टीएलडीची (एचआयव्ही दाबणाऱ्या तीन औषधांची) एक गोळी घेणाऱ्या, व्हायरल लोड दबलेल्या पेशंटच्या रक्तात विषाणू जेमतेम सापडतो. धोका जास्त आहे तो विंडो पिरियडमधल्या, नुकती लागण झालेल्या पेशंटकडून. त्याच्या रक्तात विषाणू भरमसाट असतो, पण टेस्ट निगेटिव्ह येते आणि केसपेपर कोरा राहतो. स्टिकरवर विसंबणारा इथेच फसतो.

सुई टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. साबण आणि वाहतं पाणी, बस. मग पीईपीचा, म्हणजे लागण टाळणाऱ्या गोळ्यांचा, पहिला डोस, शक्यतो दोन तासांत. ७२ तास उलटले की उपयोग नाही. गोळ्या पूर्ण २८ दिवस. पॉझिटिव्ह रक्ताची सुई टोचून एचआयव्ही होण्याचं प्रमाण हजारात तीनच्या आसपास आहे. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याचं प्रमाण शंभरात तीसपर्यंत जातं. त्या लसीचे तिन्ही डोस ओटीतल्या किती मावशी-मामांना मिळालेत, हे जरा विचारून बघा.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार नाकारणं हा त्यात भेदभाव ठरतो. तक्रार ओम्बुड्समनकडे, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची. तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल तर त्याला लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांत आदेश द्यावा लागतो. मात्र नकार नेहमी तोंडी येतो : "आमच्याकडे सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलला न्या." तेच वाक्य केसपेपरवर, तारीख आणि सहीसकट लिहून मागा.