हरकत नोंदवून काही होत नाही, हे खरं नाही

विकास आराखडा, वीजदरवाढ किंवा एखादा प्रकल्प जाहीर झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘हरकती-सूचना हा निव्वळ देखावा आहे. सगळं आधीच ठरलेलं असतं. एकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नाही. सामान्य माणसाला त्यातलं काही कळत नाही. जनसुनावणीत कंपनीचीच माणसं बसवलेली असतात. उगाच वेळ घालवू नका.’ परवा तो मला तीन गटांवर आला. गप्प बसवेना, कारण हे वाचून जे घरी बसतात त्यांच्याच जमिनीवरून रस्ता जातो.

‘सगळं आधीच ठरलेलं असतं.’ मग मुंबईत काय झालं ते आठवा. 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, वारसा वास्तू नकाशातून गायब. सुमारे 65 हजार हरकती आल्या. वर्तमानपत्रं, वास्तुरचनाकार, राजकीय पक्षही तुटून पडले होते, हे मान्य. पण नुसत्या आरड्याओरड्याने नकाशा बदलत नाही. चूक कुठे आहे ते दाखवावं लागतं. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री फडणवीस यांनी मसुदा नव्याने करायला लावला आणि सुधारित मसुदा मे 2016 मध्ये आला. गोव्यात तर अधिसूचित झालेला, 2011 पर्यंतचा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ सरकारला जानेवारी 2007 मध्ये लोकांच्या रेट्यापुढे मागे घ्यावा लागला.

‘एकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नाही.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. एका नगरपरिषदेच्या आराखड्याच्या सुनावणीला मी शेजारच्या काकूंबरोबर गेलो होतो. आमच्या आधी वीसेक जण एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर सह्या करून आले होते. त्यांची एका ओळीत नोंद झाली, पुढचा नंबर पुकारला. काकूंनी सातबारा, मोजणीचा नकाशा आणि विहिरीचा फोटो टेबलावर ठेवला. साहेबांनी गट नंबर विचारला, नकाशावर पट्टी ठेवली, आणि प्रस्तावित रस्ता नेमका वापरातल्या विहिरीवरून जातो हे तिथल्या तिथे दिसलं. शेरा पडला: ‘स्थळपाहणी करावी’. मंजूर आराखड्यात रस्ता विहिरीला वळसा घालून गेला.

उलट बाजूचं उदाहरणही घ्या. 2015-16 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने, वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी इंटरनेटचे दर वेगवेगळे असावेत का, याबद्दल प्रश्न विचारले, तेव्हा फेसबुकच्या मोहिमेतून फ्री बेसिक्सच्या (निवडक संकेतस्थळं फुकट देणाऱ्या त्यांच्या सेवेच्या) बाजूने एकाच छापाचे लाखो संदेश आले. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांत नाहीत, हे ट्रायने फेसबुकला स्पष्ट सुनावलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. सल्लामसलत म्हणजे मतमोजणी नव्हे. एक नेमका मुद्दा छापील गठ्ठ्याला भारी पडू शकतो.

‘सामान्य माणसाला कळत नाही.’ कळतं, पण कागद त्याच्या भाषेत लागतो. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्याच्या, म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या, नियमांचा 2020 चा मसुदा केंद्राने इंग्रजी-हिंदीत काढला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत तो द्या. म्हणजे खोट लोकांच्या डोक्यात नव्हती. आणि विजेइतका किचकट विषय कोणता? 2000 साली राज्य वीज नियामक आयोगासमोर पहिली दरसुनावणी झाली. शेतीपंपांच्या नावावर दाखवलेली बरीचशी वीज खरं तर गळती आणि चोरीत जात होती, हे उघडं पडलं. त्यात पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेसारख्या बाहेरच्यांच्या आकडेमोडीचा मोठा वाटा होता. आयोगाचा दरआदेश आजही उघडून बघा: आधी ग्राहकाची हरकत, मग कंपनीचं उत्तर, मग आयोगाचं मत. हरकत नीट विचारात घेतली नसेल तर ते अपिलात मांडता येतं. पण नोंदवलीच नसेल तर बोट कशावर ठेवणार?

‘कंपनीचीच माणसं बसवलेली असतात.’ असतात, अनेकदा. पण पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाच्या जनसुनावणीला गणपूर्तीची अट नाही आणि तिथे मतदान होत नाही, त्यामुळे भरलेल्या खुर्च्यांनी प्रस्ताव मंजूर होत नाही. सूचना 30 दिवस आधी द्यावी लागते, चित्रीकरण करावं लागतं आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. लोक तोवर उठून जातात, ही खरी अडचण. थांबा, आणि आपलं म्हणणं त्यात आलं नसेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

राहिला वेळ. आराखड्यावरची हरकत साध्या कागदावर देता येते. गट किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहा, काय चुकलंय ते चार ओळींत लिहा, सुनावणी हवी असेल तर ती अर्जातच मागा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. काकूंची प्रत अजून सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवलेली आहे.