रिकाम्या खाटेचा फोन अखंड वाजता ठेवा

नवं हॉस्पिटल चालवायला घेतलं आहे ना तुम्ही? मग लॉबीतला गणपती, ग्रॅनाइटची फरशी आणि कॅन्टीनचं कंत्राट मार्गी लागलं की एक गोष्ट तेवढी विसरू नका. खोलीत पेशंट नसला तरी खोलीतला फोन वाजलाच पाहिजे. मी गेली बावीस वर्षं ईपीएबीएक्सच्या, म्हणजे इमारतीतल्या खासगी टेलिफोन एक्सचेंजच्या, देखभालीची कामं करतोय. हा सल्ला फुकट देतोय. एरवी नुसता येऊन गेलो तरी व्हिजिट चार्ज लावतो.

सुरुवात नंबरापासून करा. प्रत्येक खोलीला बाहेरून थेट लागणारा नंबर द्या. पीआरआय लाइन घेतलीत की एका वेळी तीस जण बोलू शकतात, आणि सोबत नंबरांचा अख्खा गठ्ठा मिळतो. त्यातला एक ३१२ नंबरच्या खोलीला चिकटवा आणि छानशा कार्डावर छापून पेशंटच्या मुलीच्या हातात ठेवा. ती लगेच तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. तिथून तो साताऱ्याच्या आत्यांकडे, ठाण्याच्या मेव्हण्याकडे आणि न्यू जर्सीच्या धाकट्याकडे पोचतो. पेशंटला चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळतो. नंबराला तो कधीच मिळत नाही.

बाहेर जाणारे कॉल मात्र पहिल्याच दिवशी बंद करा. यात हयगय नको. एसटीडीच्या जमान्यात फोनच्या डायलला चिमुकलं कुलूप घालायचे, ती आपली परंपरा आहे. पेशंटने शून्य दाबून बाहेर फोन लावला तर त्याचे पैसे हॉस्पिटलला पडतात. म्हणून मी जिथं जिथं गेलो तिथं हे कुलूप उद्घाटनाच्या आधी लागलेलं होतं. येणाऱ्या कॉलचे पैसे पलीकडचा भरतो. मग त्याला कुलूप घालून तुम्हाला काय मिळणार?

आता कोणी अतिशहाणा इंजिनिअर येऊन सांगेल की साहेब, रिकाम्या खोलीचा फोन बंद करणं आपल्या एक्सचेंजला आपोआप जमतं. त्याचं खरं आहे. मोठ्या हॉटेलांसाठी ही सोय जुनी आहे: पाहुणा चेक-इन झाला की खोलीचा फोन जागा होतो, चेक-आउट झाला की झोपतो. तुमच्या एक्सचेंजमध्येही ती बहुधा असतेच, फार तर लायसन्सचे पैसे पडतात. एका ठिकाणी तर लायसन्स नऊ वर्षांपूर्वीच विकत घेतलेलं होतं. प्रोग्रॅमिंगच्या पडद्यावर त्या ओळीपुढे ‘नो’ लिहिलेलं होतं, ते आजही तसंच आहे. चालू करायचं तर कोणाची तरी सही लागते आणि ती आयटीची की ॲडमिनची, हे अजून ठरायचंय.

त्यात बिलिंगच्या सॉफ्टवेअरची आणि एक्सचेंजची ओळख चुकूनही करून देऊ नका. हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरांनी एकमेकांशी बोलावं म्हणून एचएल सेव्हन नावाची एक भाषा आहे, १९८७ सालापासूनची. पेशंट दाखल झाला की ए०१, खोली बदलली की ए०२, घरी गेला की ए०३, असे ठरावीक निरोप त्यात असतात. तुमचं बिलिंग हे निरोप फार्मसीला पाठवतं, लॅबला पाठवतं, डाएटिशियनलासुद्धा पाठवतं, म्हणून तर गेलेल्या पेशंटच्या नावाने उपमा येत नाही. फक्त एक्सचेंजला पाठवत नाही. एकाच वाड्यात राहून एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावांसारखं त्यांचं चालू द्या. मध्ये पडणारा वाईट होतो.

एवढं जमवलंत की फळ मिळतंच. हे मला खुद्द त्या मजल्यावरच्या मावशींनी सांगितलं. पेशंट गेल्यावर खोलीची सफाई होते. गादी पुसायची, खाटेचे कठडे पुसायचे, हायपोक्लोराइटच्या फडक्याने फोनसुद्धा पुसायचा. म्हणजे फोन वाजतो तेव्हा रिसिव्हर मावशींच्या हातातच असतो.

“हॅलो, अण्णा आहेत का?”

“इथले बाबा होय? ते गेले.”

“गेले? कधी?”

“सकाळीच. सातला घेऊन गेले.”

“जवळ... कोणी होतं का हो?”

“होती की. सगळी होती. लेक, जावई, नातवंडं.”

“त्रास नाही ना झाला फार?”

“छे! हसत हसत गेले.”

पुढे मावशी “आम्हाला पेढेपण दिले” म्हणाल्या, पण तोवर साताऱ्यात फोन आपटलेला होता. दुपारी तिकडून एक क्रूझर भरून निघाली. आत्या कोथरूडच्या जिन्यापासूनच हंबरडा फोडत वर आल्या आणि दार अण्णांनीच उघडलं. हातात मऊभाताची वाटी. अण्णांची अँजिओप्लास्टी टिकली ती त्या क्षणाला, असं त्यांचे जावई सांगतात.

आता मावशींचं काय चुकलं? मराठीत पेशंट घरी गेला तरी ‘गेला’ आणि गेला तरी ‘गेला’च. भाषा सुधारणं काही तुमच्या हातात नाही. फोन बंद करणं होतं, पण ते जाऊ द्या.

याची उलटी बाजूही आहे. रात्री कोणी खरोखरच गेलेलं असतं. सकाळी खाट रिकामी, चादर काढलेली, आणि साडेदहाला ऑफिसातला कोणीतरी तब्येत विचारायला फोन करतो. तो वाजत राहतो. सिस्टरच्या टेबलापर्यंत ऐकू येतो. टेबलावरच्या सिस्टर मान खाली घालून चार्ट भरत राहतात, कोणी उठत नाही. पूर्ण वाजून थांबतो, मग परत लागतो. मी त्या दिवशी शेजारच्या खोलीतलं सॉकेट बदलत होतो. मीही उठलो नाही.

असो. समजा मॅनेजमेंटने दट्ट्या लावलाच आणि फोन बंद करायची पाळी आली, तर तीसुद्धा नीट चुकवता येते. पहिला उपाय, एंगेज टोन लावा. खोली रिकामी असली की पलीकडच्याला टूं-टूं ऐकू यायला हवं. न्यू जर्सीचा धाकटा रात्री जागून आठ वेळा लावतो आणि बहिणीला विचारतो, बाबा एवढं बोलताहेत तरी कुणाशी? दुसरा उपाय, सरसकट सगळंच बंद करा. बाहेरून येणारे तर बंदच, पण सिस्टरच्या टेबलावरून खोलीत आणि खोलीतून ऑपरेटरला लागणारा फोनही बंद. बाथरूमचा नळ दुरुस्त करणारा तिथं घसरून पडला तर त्याने खिडकीतून हाका माराव्यात.

कॉल ऑपरेटरकडे वळवायचा मात्र नाही. ती बाई समोर यादी बघून “त्यांना डिस्चार्ज मिळाला, घरच्या नंबरवर लावा” असं एका वाक्यात सांगून मोकळी होईल आणि आपली सगळी मेहनत वाया. ऑपरेटरवरचा हा अविश्वास तसा जुनाच. ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या एक्सचेंजचं पेटंट १८९१ साली अमेरिकेतल्या अॅल्मन स्ट्रोजरने घेतलं. हा गृहस्थ अंत्यविधीच्या धंद्यात होता. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणे. तेव्हा हॉस्पिटलच्या फोनवर ‘गेले’ हा शब्द ऐकून दचकणाऱ्यांनी मूळ पुरुषाचं स्मरण करावं.

राहता राहिला प्रश्न, खोली रिकामी झाली म्हणायची कधी. हे ठरवूच नका. डॉक्टर सकाळच्या राउंडला “जा आता घरी” म्हणतात, तेव्हा? उरलेली औषधं फार्मसीत परत जातात, तेव्हा? विमा कंपनीची मंजुरी येते, तेव्हा? डिस्चार्जची मंजुरी तीन तासांच्या आत द्यावी, असं विमा नियामकाने २०२४ च्या मे महिन्यातल्या परिपत्रकात सांगितलं आहे. त्या तीन तासांत पेशंट घरचा सदरा घालून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेच्या काठावर बसलेला असतो. कॉम्प्युटरमध्ये तो गेलेला, खाटेवर तो आहे. फोन बंद करायला याच्याहून चांगला मुहूर्त सापडणार नाही, कारण खाली रिक्षा घेऊन उभा असलेला मुलगा तेवढ्यातच फोन लावतो.

एवढं करूनही हाताखालची माणसं आपली अक्कल चालवतातच, तिकडे लक्ष ठेवा. गेल्या आठवड्यात मला तक्रार आली: ३१२, फोन डेड. गेलो. फोन ठणठणीत होता. फोन सारखा वाजतो म्हणून मावशींनी रिसिव्हर काढून उशीखाली दाबून ठेवला होता आणि नवा पेशंट त्याच उशीवर डोकं ठेवून झोपला होता. सलाइन लावलेलं, डोळे मिटलेले. मी हळूच रिसिव्हर ओढून काढला, जागेवर ठेवला, वहीत ‘ओके टेस्टेड’ लिहिलं. बॅगेची चेन लावेपर्यंत फोन वाजला. पेशंट जागा होऊ नये म्हणून मीच उचलला.

“अण्णा आहेत का?” आवाज म्हातारा, कान बहुधा त्याहून म्हातारे.

एव्हाना मी शहाणा झालो होतो. अगदी स्पष्ट म्हणालो, “अण्णा घरी गेले.”

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर.

“देवाघरी?”